मोजक्या पैशांत ड्रिल प्रेस: कोणते दोष चालतील, कोणते नाहीत

घरगुती वर्कशॉप, साधारण ३ मीटर बाय २.५ मीटरची खोली. एक भक्कम लाकडी बेंच, एकफेज वीजपुरवठा, आणि आजवरची सगळी भोके हातातल्या ड्रिलने पाडलेली. काम निम्मे लोखंडाचे, निम्मे लाकडाचे: ५ ते ६ मिमी जाडीच्या एमएस (साधे मऊ पोलाद) पट्ट्या आणि अँगल, कधीमधी ३ मिमी पत्रा, कठीण लाकडाच्या फळ्या, कपाटांची दारे. मालकांना आता ड्रिल प्रेस घ्यायचे होते, म्हणजे दांडीने बिट सरळ खाली आणून भोक पाडणारे, खांबावर बसवलेले मशीन. त्यासाठी ठरलेली रक्कम होती आणि ती वाढणार नव्हती. हिशेब कोणालाही आपल्या चलनात लावता यावा म्हणून ती रक्कम इथे १०० भाग धरली आहे.

मालकांचा पहिला विचार बहुतेकांचा असतो तोच होता: १०० भागांत मिळेल तेवढे मोठे नवे मशीन घ्यायचे. त्यात अडचण अशी की व्हाइस, क्लँप आणि बिट यांना काहीच उरत नाही, आणि या तिन्हींशिवाय ड्रिल प्रेस म्हणजे फिरणारे चक (बिट पकडणारे जबडे) आणि रिकामे टेबल. म्हणून सुरुवातीलाच ३० भाग बाजूला काढले. मशीनसाठी आणि त्याच्या दुरुस्तीसाठी मिळून ७० उरले.

मशीनच्या आधी भोकांची यादी

कॅटलॉग उघडण्याआधी मालकांनी लिहून काढायचे होते ते एवढेच: कोणत्या मालात, किती व्यासाची, किती खोल भोके पाडायची आहेत. यादी अशी झाली. एमएसमध्ये एम६, एम८ आणि एम१० चे आटे पाडण्यासाठी अनुक्रमे ५, ६.८ आणि ८.५ मिमी. एम१० बोल्ट आरपार जाण्यासाठी १०.५ किंवा ११ मिमी. स्टेनलेसमध्ये क्वचित ६ मिमी. लाकडात ८ मिमीची डोवेलची (लाकडी खुंटीची) भोके ४० मिमी खोल, आणि दाराच्या बिजागरीसाठी ३५ मिमी व्यासाचा, १३ मिमी खोल खळगा. पत्र्यात वर्षातून काही वेळा ५० मिमीचे भोक होल सॉने, म्हणजे वाटीसारख्या गोल करवतीने.

या यादीतून वेग निघतो. कापण्याचा वेग मीटर प्रति मिनिट धरला तर फेरे = १००० × वेग ÷ (३.१४ × व्यास मिमीत). एचएसएस (हाय स्पीड स्टील) बिटने एमएस कापताना वेग २५ धरला की सूत्र लक्षात ठेवण्याजोगे सोपे होते: ८००० ला व्यासाने भागा. ५ मिमीला १६००, ८.५ मिमीला सुमारे ९४०, १०.५ मिमीला ७६०. स्टेनलेसला वेग निम्म्याहून कमी, म्हणजे ६ मिमीला ५५० ते ६००. कठीण लाकडातल्या ३५ मिमी फॉर्स्टनर बिटला (सपाट तळाचा खळगा पाडणारे) ५००च्या आसपास. आणि ५० मिमी होल सॉला एमएसमध्ये फक्त १६०.

शेवटचा आकडा निर्णायक ठरला. वरच्या टोकाला, म्हणजे बारीक बिटला वेग कमी पडला तर भोक फक्त सावकाश पडते. खालच्या टोकाला वेग जास्त झाला तर हत्यार जळते. पाच वेगांच्या छोट्या मशीनचा सगळ्यात कमी वेग ५००च्या आसपास असतो. त्या वेगाला ५० मिमी होल सॉची कड मिनिटाला जवळपास ७८ मीटर धावते, गरजेच्या तिप्पट. दात निळे पडतात आणि पहिल्याच भोकात बोथट होतात. जाहिरातीत मात्र सगळ्यात जास्त वेग मोठ्या अक्षरांत असतो आणि सगळ्यात कमी वेग शोधावा लागतो.

चार पर्याय

पहिला, असलेले हातड्रिल स्टँडमध्ये बसवणे. खर्च १५ भाग. लाकडात उभी भोके पाडायला ठीक, पण स्टँडची सरक दांडीवर हलते आणि ड्रिलचा स्वतःचा ढिलेपणा त्यात मिळतो. हातड्रिलची ब्रश असलेली मोटर कमी वेगावर जोर दिला की तापते, कारण तिचा पंखाही तेवढाच हळू फिरतो. लोखंडाच्या यादीसाठी हा पर्याय तिथेच संपला.

दुसरा, नवे छोटे बेंच मशीन. किंमत ४० भाग, ३५० वॅट, पाच वेग, १३ मिमी चक, क्विलची (फिरणारे स्पिंडल धरून वर-खाली सरकणारी नळी) चाल ५० मिमी, खांब ४६ मिमी व्यासाचा, खांबापासून चकच्या मध्यापर्यंत १०० मिमी.

तिसरा, त्याहून एक पायरी वरचे, तीन पुल्यांचे बारा वेगांचे बेंच मशीन. ५५० वॅट, १८० ते २७०० फेरे, १६ मिमी चक, मोर्स टेपर २चे (ठरीव मापाच्या निमुळत्या भोकाचे) स्पिंडल, क्विलची चाल ८० मिमी, खांब ७० मिमी, खांबापासून मध्य १६० मिमी. नवे घेतले तर ९५ भाग, म्हणजे हिशेबाबाहेर. पण याच जातीचे एक वापरलेले मशीन ५८ भागांना विक्रीला होते. विकणाऱ्याचे म्हणणे, ‘थोडे थरथरते.’

चौथा, जुने बीडाचे पिलर मशीन, जमिनीवर उभे राहणारे, दीडशे किलोंच्या वर, तीनफेज मोटरचे. मागणी ६० भाग. अशा मशीनचे आकर्षण समजण्यासारखे आहे. बीडाचे वजन थरथर गिळते आणि दिसायलाही मशीन म्हणजे मशीन वाटते. एकफेज घरात ते चालवायला मात्र मोटर बदलावी लागते किंवा एकफेज घेऊन तीनफेज देणारा इन्व्हर्टर ड्राइव्ह लावावा लागतो, आणि तो खर्च किमतीच्या वर.

वॅट, चक आणि खांब यांचे खरे अर्थ

छोट्या मशीनच्या पाटीवरचे ३५० वॅट बहुधा मोटर विजेतून ओढते ते असतात. शाफ्टवर मिळणारे त्याहून बरेच कमी, इथे २०० धरले. पाटीवर ‘एस२ १५ मिनिटे’ असे लिहिलेले असेल तर पूर्ण भारावर मोटर एवढाच वेळ चालवायची, मग थंड होऊ द्यायची. ‘एस१’ म्हणजे सलग चालणारी. ही दोन अक्षरे वाचल्याशिवाय दोन मशीनच्या वॅटची तुलना करू नये.

आता गरज किती? एमएसचा एक घनमिलिमीटर ड्रिलने काढायला अडीच ते तीन ज्यूल लागतात. १०.५ मिमी बिट, ७५० फेरे, दर फेऱ्याला ०.१ मिमी चाल: सेकंदाला सुमारे १०८ घनमिलिमीटर, म्हणजे जवळपास ३०० वॅट शाफ्टवर. २०० वॅटचे मशीन हे भोक पाडत नाही असे नाही. चाल कमी करावी लागते, आणि फार कमी केली की धार कापण्याऐवजी घासते. एमएसमध्ये हे खपते. स्टेनलेसमध्ये घासलेला पृष्ठभाग कडक होतो आणि बिट त्यावर नुसते घासत राहते.

पिळाच्या जोराचा फरक याहून मोठा. न्यूटन-मीटरमधला पीळ = ९५५० × किलोवॅट ÷ फेरे. छोट्या मशीनचा सगळ्यात कमी वेगावरचा पीळ ३.८ च्या आसपास येतो. तिसऱ्या पर्यायाच्या शाफ्टवर ३७० वॅट धरले तर १८० फेऱ्यांना १९.६. प्रत्यक्षात त्याआधी पट्टा घसरतो, पण दोन्ही मशीनच्या कुवतीत जात वेगळी आहे हे कळायला आकडा पुरेसा आहे. मोटर दीडपट, पीळ पाचपट, आणि हा फायदा मधल्या तिसऱ्या पुलीचा.

चकवरचा १३ किंवा १६ हा आकडा चकमध्ये किती जाड दांडा मावतो तेवढेच सांगतो. मशीन तेवढे भोक लोखंडात पाडेल याची ती हमी नव्हे.

खांबाची जाडी कोणी विचारत नाही, पण बिट दाबले की टेबल खाली झुकते आणि डोके वर उचलले जाते ते खांब वाकल्यामुळेच. भिंतीची जाडी सारखी असलेल्या नळीचा ताठपणा साधारण व्यासाच्या घनाने वाढतो. ४६ वरून ७० मिमीला गेल्यावर तो साडेतीनपट होतो.

आणि क्विलची चाल. इथे थोडे थांबायला हवे, कारण छोटे मशीन घेणारे सगळ्यात जास्त इथेच अडकतात. नेहमीच्या लांबीचे, म्हणजे डीआयएन (जर्मन मानक) ३३८ मापाचे ३ मिमी बिट ६१ मिमी लांब असते, १०.५ मिमीचे १३३ मिमी. फरक ७२ मिमी. आधी ३ मिमीने पायलट (मोठ्या बिटला वाट दाखवणारे बारीक) भोक पाडून नंतर १०.५ लावायचे, तर ५० मिमी चालीच्या मशीनमध्ये मोठे बिट कामाच्या वर मावतच नाही. टेबल खाली घ्यावे लागते. खांब गोल असल्याने टेबल सैल केले की ते डावी-उजवीकडे फिरते आणि पायलटचा मध्य हातचा जातो. रॅक-पिनियन (टेबल वर-खाली करणारी दातेरी पट्टी आणि चक्र) असले तरी फिरणे थांबत नाही, कारण रॅकही खांबाभोवती फिरणारा असतो. ८० मिमी चालीत हेच काम टेबल न हलवता होते, पण कापायला जेमतेम ८ मिमी शिल्लक राहते. त्यावरचा उपाय बिटमध्ये आहे, तो पुढे.

बघायला जाताना आणि बघताना

तिन्ही मशीनची तपासणी एकाच पद्धतीने झाली. सोबत नेलेल्या वस्तू: चुंबकी स्टँडसह ०.०१ मिमीपर्यंतची हालचाल दाखवणारा डायल गेज, १० मिमीचा ग्राइंड केलेला सरळ दांडा, गुण्या, एक वाकवलेली जाड तार, मल्टिमीटर, घरातला वजनकाटा, लाकडाचा ठोकळा आणि फडके. तपासणीचा क्रम मुद्दाम असा ठेवला की जे नंतर दुरुस्त होत नाही ते आधी बघायचे. तिथेच मशीन नापास झाले तर बाकी वेळ वाचतो.

पहिली चाचणी क्विलच्या ढिलेपणाची. वीज बंद, क्विल पूर्ण खाली, डायल क्विलच्या खालच्या टोकाला टेकवून हाताने पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे ढकलायचे. वापरलेल्या बेंच मशीनला ०.१२ मिमी आले, नव्या छोट्याला ०.३५, जुन्या पिलरला ०.५. डोक्याच्या बाजूला लॉकनट असलेला एक स्क्रू असतो, तो आवळून हे कमी होते असे विकणारा सांगतो. त्या स्क्रूचे टोक क्विलच्या उभ्या खाचेत चालते आणि क्विलला स्वतःभोवती फिरू न देणे हे त्याचे काम आहे. तो आवळला की ढिलाई एका बाजूला दाबली जाते, एवढेच. भोक झिजून मोठे झाले असेल किंवा कारखान्यातच मोठे बोअर झाले असेल तर घरात त्याला उपाय नाही. पिलर मशीन इथेच बाद झाले. त्याच्या टेबलावर पूर्वीच्या मालकाने पाडलेली वीसेक भोके मात्र बाद होण्याचे कारण नव्हती, त्यावर फळी टाकता येते.

दुसरी चाचणी स्पिंडलची. चक अर्बरसकट (चकला स्पिंडलमध्ये धरणारा निमुळता दांडा) काढले, मोर्स टेपरचे भोक फडक्याने पुसले, डायलचे टोक आतल्या भिंतीला लावून स्पिंडल हाताने फिरवले. ०.०२ मिमी. म्हणजे बेअरिंग आणि स्पिंडल दोन्ही सरळ. स्पिंडल वाकलेले निघाले असते तर मशीन कितीही स्वस्त असून उपयोग नव्हता.

मग चक परत बसवून त्यात १० मिमीचा दांडा धरला आणि जबड्यांच्या ५० मिमी खाली मोजले. ०.२८ मिमी, म्हणजे बिट उघड्या डोळ्यांना डुलताना दिसणार. दोष कोणाचा? मोर्स टेपरच्या अर्बरला वर चपटी जीभ असते, त्यामुळे तो स्पिंडलमध्ये दोनच प्रकारे बसतो, एकमेकांपासून १८० अंशांवर. दांड्यावरच्या उंच जागेसमोर स्पिंडलवर खूण केली, अर्बर काढून उलटा बसवला. उंच जागा खुणेसमोर राहिली असती तर दोष स्पिंडलचा. ती अर्बरबरोबर पलीकडे गेली. पुढे चकच्या मागे पाचरी घालून चक अर्बरवरून काढले आणि अर्बरच्या उघड्या टोकावर डायल लावला: ०.०३. म्हणजे दोष चकचाच, आणि चक बदलता येते.

नव्या छोट्या मशीनचे चक ०.१४ होते, जे त्या वर्गात वाईट म्हणता येणार नाही.

ताठपणा मोजायला वजनकाटा लागला. काटा टेबलावर, त्यावर ठोकळा, डायल टेबलाच्या पुढच्या कडेला खालून. मग चकमध्ये दांडा धरून दांडीने ५० किलो दिसेपर्यंत दाबले. ७० मिमी खांबाचे टेबल ०.२५ मिमी झुकले, ४६ मिमी खांबाचे ०.९. पायलट न घेता १० मिमी बिट एमएसमध्ये घालताना लागणारा दाब याहून जास्त, शंभर किलोंच्या घरात जातो, कारण बिटच्या टोकाची मधली छिन्नी-धार कापत नाही, माल रेटते, आणि निम्म्याच्या आसपास दाब तीच खाते. पायलट भोक पाडण्यामागचे मुख्य कारण हे आहे, बिट भरकटू नये हे दुसरे.

टेबलाचा काटकोन वाकवलेल्या तारेने बघितला. तार चकमध्ये, तिचे टोक मध्यापासून १०० मिमीवर टेबलाला जेमतेम टेकवायचे आणि चक हाताने फिरवत चार बाजूंना फट मोजायची. डावी-उजवीकडे ०.६ मिमीचा फरक, पुढे-मागे ०.२. डावी-उजवी चूक टेबलाच्या तिरप्या बोल्टने जाते. पुढे-मागची चूक मात्र त्या बोल्टने जात नाही, खांबाच्या पायात शिम (पातळ पत्र्याची पट्टी) घालून तिचा काही भाग काढता येतो. इथे टेबलाची पुढची कड ०.२ ने वर होती, आणि तशी असणे उलट बरे, कारण दाबल्यावर ती खालीच येणार आहे.

शेवटी थरथर. मशीन चालू केल्यावर ती खरोखर होती. पट्टे काढून मोटर एकटी चालवली तर शांत. पट्टे चढवले की पुन्हा थरथर. पट्टा बराच काळ ताणलेला तसाच ठेवला की पुलीभोवतीचा बाक त्यात कायमचा बसतो आणि दर फेऱ्याला एक हिसका देतो. पुल्या डुलतात का ते डायलने पाहिले, ठीक होत्या. म्हणजे दोष पट्ट्यांचा.

मल्टिमीटरने प्लगची अर्थ पिन आणि खांब यांच्यातला रोध एक ओहमच्या आत आला. स्विच मात्र साधा होता. वीज जाऊन परत आली तर मशीन आपोआप सुरू होणार.

निर्णय आणि हिशेब

वापरलेल्या बेंच मशीनमध्ये जे जे वाईट होते ते सगळे बदलता किंवा जुळवता येणारे: चक, पट्टे, स्विच, टेबलाचा कोन. जे बदलता येत नाही ते, म्हणजे क्विल, स्पिंडल, खांब, वेगांची कक्षा, चांगले होते. नव्या छोट्या मशीनचे नेमके उलटे. ते दिसायला स्वच्छ, हमीसकट, पण त्याच्या उणिवा ओतकामातच होत्या. हौशी खरेदीत हे सहसा उलटे तोलले जाते, कारण डुलणारे चक आणि थरथर लगेच दिसते, तर ०.३५ मिमी ढिले क्विल दिसत नाही.

चकचा डायल विकणाऱ्याला दाखवल्यावर ५८ चे ५२ झाले. पुढचा खर्च: नवे १३ मिमी किल्लीचे चक अर्बरसह १०, कड्याकड्यांचे जोडपट्टे ४, वीज गेल्यावर बंदच राहणारा स्विच ३. मशीनवर एकूण ६९. बाजूला ठेवलेल्यातून १०० मिमी जबड्याचा ड्रिल व्हाइस ९, टी-बोल्ट आणि क्लँप ४, बिट १२, बेंचला बसवायचे बोल्ट आणि टेबलावरची फळी २. बेरीज ९६. उरलेले ४ कटिंग ऑइल आणि पुढच्या तुटलेल्या बिटांसाठी.

१६ ऐवजी १३ मिमीचे चक घेतले, कारण तेवढ्याच पैशांत लहान चक जास्त नेमके मिळते आणि यादीतले सगळ्यात जाड साधे बिट ११ मिमीचे होते. होल सॉच्या अर्बरचा दांडाही त्यात मावतो. चक आणि अर्बर एकत्र घेण्यामागे एक खोच आहे. चकच्या मागचा टेपर बी१६ असतो, जेकब्स ३३ असतो, किंवा जेकब्स ६. पहिले दोन व्यासाने इतके जवळ आहेत की एकमेकांत बसल्यासारखे वाटतात, पण कोन वेगळा असल्याने फक्त एका कडेला पकडतात आणि काम करता करता चक खाली पडते. क्रमांक चकच्या मागे कोरलेला असतो, तो वाचावा.

बिटांचा मोठा संच घेतला नाही. १२ भागांत शंभर नगांचा डबा मिळतो, पण त्यातले निम्मे आकार कधीच लागत नाहीत. त्याऐवजी यादीतले आकार एचएसएसमध्ये, ३ आणि ५ मिमी दोन-दोन नग, एक सेंटर ड्रिल (भोकाची सुरुवात नेमक्या जागी करणारे आखूड, ताठ बिट), आणि ८.५ व १०.५ मिमी ही दोन आखूड, म्हणजे डीआयएन १८९७ मापाची. आखूड १०.५ मिमी बिट ८९ मिमी लांब असते. ३ मिमीच्या नेहमीच्या बिटशी फरक आता फक्त २८ मिमी, टेबल हलवावे लागत नाही, आणि आखूड बिट वाकतही कमी.

जुळणी

मशीन आधी बेंचला बोल्टने पक्के केले. डोक्याकडे जड असलेले मशीन टेबलावर लांब काम ठेवले की पुढे कलंडते, त्यामुळे ही पायरी ‘नंतर करू’ यादीतली नाही.

टेपर स्पिरिटने पुसले, चकचे जबडे पूर्ण आत घेतले, अर्बर हाताने वर सरकवून जीभ खाचेत बसली याची खात्री केली, चकखाली लाकूड धरून लाकडी हातोड्याचा एक ठोका. मोजले तर ०.१५, अपेक्षेहून दुप्पट. अर्बर काढून आत बोट फिरवल्यावर स्पिंडलच्या तोंडाशी एक बारीक उठाव लागला, आधीच्या अर्बरच्या ठोक्याने झालेला. तो ऑइल स्टोनच्या बारीक कांडीने फक्त उठावापुरता घासला. इथे कानस चालवू नये, टेपरच बिघडतो. पुन्हा बसवल्यावर ०.०६ मिमी. घरगुती कामाला हे उत्तम.

पट्टे बसवताना दोन टोकांच्या पुल्यांवर सरळ पट्टी टेकवून त्या एका पातळीत आणल्या. मधली पुली तरंगती असते, तिची उंची पट्टाच ठरवतो. ताण एवढाच की दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर पट्टा १० ते १२ मिमी दबावा. जास्त आवळला की बेअरिंग गरम होते आणि गेलेली थरथर परत येते. थोडा सैल पट्टा बिट अडकले तर घसरतो, आणि ते हवेच असते.

टेबलाचा तिरपा बोल्ट सैल करून तारेने डावी-उजवी चूक २०० मिमीत ०.१ पर्यंत आणली. या मशीनमध्ये टेबल शून्यावर अडवणारी एक खुंटी असते. ती तशीच ठेवली तर टेबल दर वेळी जुन्या चुकीच्या जागीच येते, म्हणून काढून टाकली. कोनाच्या पाटीवर विश्वास ठेवायचा नाही.

कामावर

एमएसच्या ६ मिमी पट्टीत १०.५ मिमीचे भोक: पंच, सेंटर ड्रिल, १५०० च्या जवळच्या वेगावर ३ मिमी आरपार, मग ७५० च्या जवळच्या वेगावर आखूड १०.५, सतत कटिंग ऑइल. पट्टी व्हाइसमध्ये, आणि व्हाइस सैल ठेवून आधी बंद मशीनचे बिट पायलटमध्ये उतरवायचे. व्हाइस आपसूक मध्यावर येतो, मग त्याचे बोल्ट आवळायचे. बिट आरपार निघताना शेवटच्या मिलिमीटरला दाब कमी करायचा. तिथेच ते पकडते, कारण छिन्नी-धार बाहेर पडल्यावर अडवणारे काही उरत नाही आणि बिटचे आटे माल स्वतःकडे ओढून घेतात.

लांब पट्टी व्हाइसमध्ये मावत नसेल तर तिचा लांब भाग डावीकडे ठेवून खांबाला टेकवायचा. स्पिंडल वरून बघता घड्याळाच्या दिशेने फिरते. पट्टी सुटलीच तर डावे टोक मागे खांबाकडेच जाते आणि अडते. उजवीकडे ठेवली तर तेच टोक पुढे येऊन पोटात बसते. हातमोजे घालू नयेत, चकची किल्ली चकमध्ये सोडू नये, आणि निघणारा लांब किस हाताने ओढू नये. दाब क्षणभर सोडला की किस तुटतो.

पहिली अडचण पत्र्यात आली. ३ मिमी पत्र्यात ५० मिमी होल सॉ १८० फेऱ्यांना लावला तरी दात भरून थांबत होता. होल सॉच्या खाचेत किस बाहेर पडायला वाट नसते. वर्तुळाच्या रेषेवर, दातांच्या वाटेत येईल असे आणि कापून पडणाऱ्या चकतीच्या बाजूला झुकणारे एक ६ मिमीचे भोक आधी पाडले, पत्रा खाली फळी घेऊन चारही कोपऱ्यांना क्लँप केला, आणि होल सॉ दर काही सेकंदांनी वर उचलत गेले. किस त्या भोकातून खाली पडतो, दात मोकळे राहतात. १ मिमी पत्र्यात साध्या बिटने तिकोनी भोक पडते, कारण बिटचे टोक पलीकडे निघते तेव्हा कडा अजून मालात शिरलेल्याच नसतात. तिथे पायरीचे (टप्प्याटप्प्याने रुंद होणारे) बिट.

लाकडात बिजागरीचा खळगा ५०० च्या जवळच्या वेगावर स्वच्छ पडला, पण खोली दोन भोकांत १ मिमीने वेगळी आली. या मशीनचा खोलीचा थांबा दांडीच्या बुंध्यातली कडी आहे, जोराने दाबले की ती घसरते. नटांच्या दांड्याचा थांबा असता तर हे झाले नसते, आणि बघायला गेल्यावर तपासायच्या यादीत हा एक मुद्दा आणखी हवा होता. सध्या कडीचा स्क्रू सपाट टोकाचा बदलून पितळी टोकाचा घातला आहे आणि थांब्यापाशी हलक्या हाताने पोचायचे हा नियम. डोवेलच्या ४० मिमी खोल भोकांत बिट तीन वेळा वर काढून भुसा साफ करावा लागतो, नाहीतर भोकाच्या भिंती जळतात.

मशीनवरची बॅटरीची लेझर खूण वापरातून काढून टाकली. टेबलाची उंची बदलली की तिचा मध्य सरकतो, आणि पंचच्या खड्ड्याला टोक टेकवणे त्याहून जलद होते.

न झालेली गोष्ट एकच: फळीच्या कडेपासून १६० मिमीपेक्षा आत मध्य असलेले भोक रुंद फळीत पाडता येत नाही. अशा फळ्यांना हातातले ड्रिल आणि गुण्या लागतोच. मिलिंगसारखे बाजूचे कापही या मशीनवर करायचे नाहीत. मोर्स टेपर आणि चकचा टेपर दोन्ही फक्त उभा दाब धरण्यासाठी आहेत, आडव्या हिसक्यांनी ते सुटतात आणि फिरते चक टेबलावर येते.

क्विलला महिन्यातून एकदा पूर्ण खाली आणून पुसायचे आणि पातळ तेलाचा हात फिरवायचा. ग्रीस नको, त्यात बारीक किस अडकतो आणि ०.१२ मिमीची ढिलाई वाढत जाते. परतीची स्प्रिंग एवढीच ताणलेली असावी की दांडी सोडल्यावर क्विल सावकाश वर जाईल. झटक्याने जाऊ लागली तर बिट भोकाच्या कडेला आपटते. डायल गेज दर काही महिन्यांनी चकवर लावून ०.०६ तेवढेच आहे का पाहायचे. ०.१ च्या पुढे गेले तर आधी टेपर पुसून बघायचा, मगच चकला दोष द्यायचा.